आहेराची भांडी : घंगाळापासून डिनर सेटपर्यंत

दरवर्षी गणपती जवळ आले की आपल्या समितीचे चिटणीस भेटतील त्याला ‘स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा’ म्हणून गळ घालतात. यंदा मी सापडलो. मी काही लेखक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल विभागात लागलेला आणि बदल्या होत होत आसनसोलला येऊन पोचलेला माणूस. रिले, केबल आणि पॉइंट मशीन यांच्यापलीकडे लिहिण्याजोगे आपल्याकडे काय आहे, असा विचार करत होतो. तेवढ्यात घरात भाचीच्या लग्नाची गडबड सुरू झाली आणि विषय आयताच मिळाला. भाचीने फोनवर सांगितले होते, “मामा, पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असं छापलंय. पण तू मला डिनर सेट दे. छानसा, पांढरा.” त्या एका वाक्यावरून आमच्या घरात आठवडाभर जी चर्चा चालली, तिच्यातून हा लेख निघाला आहे.

आमचे मूळ घर कराडचे. माझ्या आजीचे लग्न 1948 सालचे. तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या भांड्यांची यादी आई अजूनही तोंडपाठ म्हणते : एक घंगाळ, हंडा-कळशी, परात, पाच पातेली, दोन तांबे, सहा फुलपात्री, वेळणी, ओगराळे, समई, आणि कन्यादानाचे काशाचे ताट-वाटी. ही भांडी म्हणजे नुसता संसाराचा सरंजाम नव्हता. कन्यादानाचे पाणी काशाच्या पात्रात सोडायचे असते, म्हणून कासे हवेच. रुखवत हा मुळात वराकडे पाठवायचा फराळ. तो ज्या भांड्यांतून जाई तीही मुलीबरोबरच राहत. पुढे फराळ मागे पडला आणि रुखवत म्हणजे मांडवात टेबलावर मांडलेली भांडी, शोभेच्या वस्तू आणि त्यांपुढे रेंगाळणाऱ्या बायका, असे स्वरूप झाले.

ही भांडी यायची कुठून? पुण्यात कसब्यातली तांबट आळी पेशवाईपासूनची. तिथे तांब्याच्या पत्र्याला हातोडीने ठोकून आकार देतात आणि वर मठारकाम करतात, म्हणजे छोट्या हातोडीचे सारखे ठोके घालतात. त्या ठोक्यांनी चमक येते आणि पत्राही कडक होतो. आम्हा तंत्रज्ञांच्या भाषेत हे ‘वर्क हार्डनिंग’. तांबटांना हे नाव माहीत नव्हते, काम मात्र शेकडो वर्षे माहीत होते. नाशिकचा भांडीबाजार आणि विदर्भात भंडारा पितळेसाठी नावाजलेले. इथे बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या खागड्याचे कासे प्रसिद्ध आहे, आणि बंगाली लग्नातही काशाच्या भांड्यांना आपल्यासारखाच मान आहे. कासे म्हणजे सुमारे 78 टक्के तांबे आणि 22 टक्के कथील. हेच मिश्रण घंटेचे. म्हणून काशाची वाटी वाजते सुरेख, पण दगडी फरशीवर पडली तर पितळेसारखी चेपत नाही, फुटते.

आजीच्या यादीत एक गोष्ट सांगायची राहिली. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले होते. लहान छिन्नी आणि हातोडी घेऊन टिंबाटिंबांनी अक्षरे कोरणारा माणूस भांड्यांच्या दुकानाबाहेरच बसलेला असे. देणाऱ्याचे नाव, घेणाराचे नाव, तारीख आणि ‘सप्रेम भेट’. बहुतेक भांड्यांवर आजीचे सासरचे नाव होते, कारण लग्नात नाव बदलायची पद्धत. फक्त एका तांब्यावर तिचे माहेरचे नाव होते. तिच्या थोरल्या भावाने लग्नाच्या आधीच तो घेऊन त्यावर नाव घालून ठेवले होते. त्या नावाने तिला हाक मारणारे माणूस माझ्या आठवणीत तरी कोणी उरले नव्हते.

आता थोडे काचेकडे आणि चिनी मातीकडे वळू. आपल्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात चिनी मातीला फार दिवस मज्जाव होता. धातूचे भांडे घासून, चिंचेने उजळून पुन्हा शुद्ध करता येते, मातीचे एकदा विटाळले की टाकायचे, आणि चिनी माती झाली तरी मातीच, असा हिशेब. म्हणून कपबशी ही नुसती कपबशी नव्हती. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानासाठी बोलावले आणि तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतला, काहींनी नुसता कप तोंडाला लावला. मग जोशीबुवांनी उपस्थितांची नावेच वर्तमानपत्रात प्रसिद्ध करवली! लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे दोघेही त्या यादीत होते. ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ते झाली. ज्या टिळकांनी 1893 पासून हा आपला उत्सव चौकात आणला, त्यांना तीन वर्षे आधी एका कपाने एवढा त्रास दिला होता, हे गणपतीच्या मांडवात चहा वाटताना मला दरवर्षी आठवते.

पण तेच टिळक स्वदेशी काचेच्या मागेही उभे राहिले. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथे पुष्कळ जण काचकाम शिकले आणि देशात ठिकठिकाणी गेले. आमच्या कराडजवळ औंध संस्थानच्या आश्रयाने 1916 साली ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील ठाऊक नाही असे घर त्या काळी सापडले नसते. कराडचे रेल्वे स्टेशन आहे ते या ओगलेवाडीलाच. कारखाना पुढे बंद पडला, पण ओगलेवाडीचे नाव राहिले.

कंदिलाचा विषय निघाला आहे तर एक खात्यातली गोष्ट सांगतोच. सिग्नलवाल्याला हा अधिकार आहे. जुन्या काळी सिग्नलचा दिवा आणि गार्डचा हातदिवा तेलावर जळायचा. आत ज्योतीने काच तापलेली आणि बाहेरून पावसाचा किंवा बर्फाचा मारा. काच एका अंगाने प्रसरण पावते, दुसऱ्या अंगाने आकसते आणि तडकते. दिवा विझला की ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही, मग पुढचे सांगायला नको. अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीने यावर उपाय म्हणून, तापली तरी फारशी न फुगणारी काच तयार केली. ती रेल्वेच्या दिव्यांना आणि सिग्नलच्या बॅटरीच्या बरण्यांना वापरली जाऊ लागली. 1913 साली त्या कंपनीतले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नीचे, बेसीबाईंचे, भट्टीत ठेवायचे मातीचे भांडे तडकले. साहेबांनी कारखान्यातून बॅटरीच्या बरण्यांचे कापलेले बूड घरी आणले आणि बाईंनी त्यात केक भाजला. केक चहूबाजूंनी सारखा भाजला, आणि काचेतून दिसत असल्याने कधी झाला तेही कळले. 1915 पासून तशाच प्रकारची काच ‘पायरेक्स’ नावाने बाजारात आली आणि परदेशात लग्नात द्यायची आवडती वस्तू होऊन बसली. आपल्याकडे 1962 साली त्याच कॉर्निंगच्या सहकार्याने बोरोसिल निघाली. तेव्हा मंडळी, तुमच्या घरात काचेच्या भांड्यात पुडिंग होत असेल तर त्याचे थोडे श्रेय रेल्वेच्या सिग्नलला द्या!

इकडे आपल्या घरांतून खरी क्रांती केली ती स्टेनलेस स्टीलने. मधे ॲल्युमिनियम येऊन गेले, पण ते गरिबाघरचे मानले गेले, आहेरात कोणी आवडीने दिले नाही. मेलामाइनचीही एक लाट आली. स्टीलचे तसे झाले नाही. 1913 सालीच (हे साल भांड्यांच्या पत्रिकेत उच्चीचे असावे) इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली हा माणूस बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता. क्रोमियम घातलेले पोलाद गंजत नाही हे त्याच्या ध्यानात आले आणि बंदुकीऐवजी ते सुरी-काट्यांना लागले. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्टील मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. 1981 साली सेलमचा कारखाना सुरू झाला आणि ‘सेलम स्टील’ हे शब्द दुकानदाराच्या तोंडी बसले. अस्सल 18-8 म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. निकेल महाग आणि आपल्याला बाहेरून आणावे लागते, म्हणून त्याच्या जागी मँगनीज घातलेले स्वस्त स्टील भांड्यांसाठी सर्रास वापरले जाते. दुकानात लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ असे सांगतात, त्यावर जाऊ नका. मँगनीजवाल्या स्टीलच्या भांड्यालाही चुंबक बहुधा चिकटत नाही.

1988 साली, मी आठ वर्षांचा असताना, आमच्या घरातली पितळ गेली. आई शाळेत शिक्षिका होती. सकाळी डबे करून, भांडी घासून साडेदहाची शाळा गाठायची. पितळेला कल्हई लागते. कल्हईवाला यायचा, भाता फुंकून भांडे लालबुंद करायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसाने पुसले की आतून चांदी! आम्हा पोरांना ती जत्रा वाटे, पण कल्हई उडाली की ताक-आमटी कळकायची आणि बोलणी आईला बसायची. एका दिवाळीआधी तिने ठरवले आणि घंगाळ, हंडा, परात, पातेली असे सगळे मोडीत घातले. दुकानदाराने तागडीत तोलून मोडीचा भाव केला आणि त्या पैशांत सहा ताटे, बारा वाट्या, पाण्याचे पिंप आणि डब्यांचा उतरता संच असे सगळे झगझगीत स्टील घरात आले.

आजी एक अक्षर बोलली नाही. जेवायला बसली, नव्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “हलकं आहे.” रात्री आईने पाहिले तर माहेरच्या नावाचा तो तांब्या तिने आपल्या कपड्यांच्या ट्रंकेत लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. आई त्यावर कधी बोलली नाही. मी दोघींच्याही बाजूचा आहे. ज्याने कधी रोज चिंच आणि राख घेऊन परात घासलेली नाही त्याने पितळेचे गोडवे गाऊ नयेत. आज ‘अँटिक’ म्हणून घंगाळात झाड लावतात, तिथे घासायला कोणी नसते. पण नावे वितळली तीही खरीच.

नाव घालण्याला नुसती हौस समजणाऱ्यांसाठी आमच्याच घरातला दुसरा प्रसंग सांगतो. माझ्या आत्याचे लग्न टिकले नाही. 1991 साली ती माघारी आली आणि तिच्या वस्तू आणायला वडील आणि दोन नातेवाईक तिच्या सासरी गेले. मी हट्टाने बरोबर गेलो होतो. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. त्याखाली 1985 साली नियम झाले, की लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करावी, वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे आणि खाली वधूवरांनी सह्या कराव्यात. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की स्त्रीधन हे बाईचेच राहते आणि ते दाबून ठेवणे हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. पण आत्याचे लग्न 1987 चे. आमच्याकडे ना कोणाला तो नियम ठाऊक, ना यादी. आहेराची वही होती ती त्यांच्याचकडे, आणि ती ‘सापडत नव्हती’.

मग ओसरीवर सगळी भांडी मांडली गेली. वडील एकेक भांडे उलटे करत आणि नाव वाचत. आत्याचे नाव निघाले की आमच्या बाजूला, नाही तर त्यांच्या बाजूला. कोणी आवाज चढवला नाही, नुसता भांड्यांचा आवाज. प्रेशर कुकरच्या झाकणावर नाव होते, खाली नव्हते. त्यावर थोडा वाद झाला. शेवटी एक चहाचा सेट राहिला. फिक्या निळ्या कडेचा, सहा कप, सहा बश्या, किटली, दुधाचे आणि साखरेचे भांडे. आत्याच्या मैत्रिणींनी वर्गणी काढून दिलेला. त्यावर नाव कसे असणार? चिनी मातीवर कोणी छिन्नी चालवत नाही. ‘आमचा आहे,’ असे त्या घरातून सांगण्यात आले. वडिलांनी एकदा आत्याकडे पाहिले. ती म्हणाली, “राहू दे दादा.” येताना एस.टी.त तिने मांडीवर भांड्यांचे पोते धरले होते आणि त्या किटलीचे झाकण कसे नीट बसत नव्हते, हे मला दोनदा सांगितले.

आता आमच्या भाचीच्या पांढऱ्या डिनर सेटकडे येतो. योगायोग असा, की देशात ओपल काचेची भांडी पहिल्यांदा बनली ती आमच्याच आसनसोल डिव्हिजनमध्ये, हावडा-पाटणा मुख्य मार्गावरच्या मधुपूरला. ला ओपालाचे उत्पादन तिथे 1988 च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे आमच्या पितळेने निरोप घेतला त्याच सुमारास. तेव्हा मधुपूर बिहारमध्ये होते, 2000 पासून झारखंडमध्ये आहे. ही काच पांढरी दिसते ती रंगाने नव्हे. तिच्यात फ्लोराइडचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि ते प्रकाश विखुरतात. ती टणक असते, कारण तापवून झटकन थंड केल्याने वरचा थर दाबाखाली राहतो. आमच्या पी-वेवाल्यांचे सिमेंटचे स्लीपर याच युक्तीचे आहेत : आधीच दाबून ठेवायचे म्हणजे वरून ताण आला तरी तडा जात नाही. मात्र अशी काच फुटलीच तर एका तुकड्यावर भागत नाही, घरभर होते. हे अनुभवाचे बोल आहेत. आमच्या लग्नानंतर हौसेने घेतलेल्या सत्तावीस नगांच्या सेटपैकी मालद्याहून इथे बदलीवर येताना अकरा नग खोक्यातच राहिले, आणि तोवर ती फुलांची नक्षी बाजारातून गेली होती. सौ. आता पाहुणे आले की कोणाला फुलांची आणि कोणाला साधी प्लेट द्यायची याचे वेळापत्रक आखते.

घरातल्या चर्चेत आईचे म्हणणे, की स्टीलची पाच ताटे द्यावीत, डिनर सेट फुटतो. सौ.चे म्हणणे, की मुलगी बंगळुरूला फ्लॅटमध्ये राहणार, मायक्रोवेव्हमध्ये तुझे ताट चालणार आहे का? यावर आई म्हणाली, “मायक्रोवेव्हला नाव वाचता येतं का?” सौ. हसली, पण मी नाही हसलो. आत्या या लग्नाला येणार आहे.

शेवटी दोन्ही घेतले. डिनर सेट पांढरा, कडेला बारीक निळी रेघ असलेला. आणि स्टीलची पाच ताटे, पाच वाट्या, अस्सल 18-8. डिनर सेटची पावती भाचीच्या नावाने करून घेतली आणि लग्नात द्यायची यादी मीच टाइप केली आहे, दोन्हीकडच्या सह्यांना जागा ठेवून. सरकारी नोकराला फॉर्म भरायची सवय असतेच. भाचीने विचारले, “मामा, हे कशाला?” मी म्हटले, “कायदा आहे.”

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. तांब्या आईने परवा ट्रंकेतून काढला, चिंच-मिठाने घासला आणि भाचीसाठी वेगळा ठेवला. आतून कल्हई गेलेली आहे. आसनसोलमध्ये कल्हईवाला शोधतो आहे. आपल्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर मांडवात मला जरूर सांगावे.

ताटांवर नाव घालायला मात्र बाजारात एक म्हातारे बंगाली गृहस्थ सापडले. आता छिन्नी नाही, विजेची थरथरणारी लेखणी असते. त्यांना हिंदी वाचता येते, पण मी लिहून नेलेल्या कागदावर ते अडले. ‘आजोळची भेट, आसनसोल’ एवढाच मजकूर होता. ‘ळ’ वर बोट ठेवून त्यांनी विचारले, हे काय? मी म्हटले, हे आमचे अक्षर आहे, जसे दिसते तसे काढा. त्यांनी चष्मा पुसला, आधी रद्दीच्या पत्र्यावर तीनदा काढून पाहिले आणि मग ताट उलटे घेतले. पहिल्या दोन ताटांवर तो थोडा आडवा झाला आहे. पुढच्या तीनवर छान जमला आहे.